पुराच्या होडीचे रबर



पंचगंगा ही आपली आई. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या मिळून ती झाली. पाचवी सरस्वती गुप्त आहे, असे आपले वाडवडील सांगत आले. प्रयाग चिखलीला संगम होतो आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला भेटते. तिच्या पाण्यावर आपला ऊस पिकतो. पण आषाढ-श्रावणात हीच आई पात्र सोडून घरात येते.

कोल्हापुराजवळ कसबा बावड्याला राजाराम बंधारा आहे. तेथे पाण्याची उंची मोजतात. पाणी ३९ फुटांवर आले की इशारा देतात. ४३ फुटांवर आले की धोका समजतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. २०२१ च्या जुलैमध्ये ते ५६ फुटांवर गेले. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर मोठा रस्ता पाण्याखाली गेला. मग बाहेरची मदत मोटारीने येणार कशी?

अशा वेळी बाहेरची पथके येईपर्यंत गावाला आधार असतो गावच्या होडीचा. बाळंतीण, आजारी माणूस, म्हातारी आजी, सगळे तिच्याच भरवशावर असतात. म्हणून या पाठात आम्ही होडीतल्या एका लहानशा वस्तूची माहिती सांगणार आहोत. ती वस्तू म्हणजे होडीचे रबर.

रबर कशाला लागते?

जुन्या काळी आपल्याकडे पुरात गुळाची काहील पाण्यात सोडून माणसे पलीकडे नेत. काहिलीला बुडात भोक नसते, झाकण नसते, यंत्र नसते. तिला रबर लागत नाही. पण काहील गरागरा फिरते. तिला दिशा नसते.

आताची होडी वेगळी. काही होड्या फायबरच्या असतात. काही हवा भरून फुगवायच्या असतात. त्यांना मागे यंत्र लावतात. या होडीला मुद्दाम ठेवलेली भोके असतात, आणि प्रत्येक भोकापाशी रबर असते. त्याला कोणी वायसर म्हणतात, कोणी गॅस्केट म्हणतात, कोणी सील म्हणतात. काम एकच. दोन कठीण वस्तूंच्या मधली फट बुजवायची आणि पाणी किंवा हवा अडवायची.

तुमच्या घरात हे रबर आहेच. कुकरच्या झाकणात कडे असते. नळात चकती असते. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यावर बरगे घालतात. दोन बरग्यांच्या फटीतून पाणी जाऊ नये म्हणून तेथेही रबर लावतात. बरग्याचे रबर गेले तर पाणी वाया जाते. होडीचे रबर गेले तर माणसे जातात. एवढाच फरक, पण फार मोठा फरक.

रबर काम कसे करते?

रबराचा तुकडा बोटांनी दाबा. तो चेपतो. बोटे सोडा. तो पुन्हा फुगतो. हा त्याचा गुण. झाकण लावले की रबर चेपते. त्याला परत फुगायचे असते, पण झाकण त्याला फुगू देत नाही. म्हणून ते दोन्ही बाजूंनी जोर लावून फट घट्ट धरते. पाण्याला वाट राहत नाही.

झाडाचा कच्चा चीक वाळवला तर तो उन्हात चिकट होतो आणि थंडीत कडक होतो. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर नावाचे गृहस्थ होते. त्यांना १८३९ साली असे दिसले की, चिकात गंधक घालून तापवले तर रबर टिकाऊ होते. तेव्हापासून रबर माणसाच्या रोजच्या कामात आले.

पण टिकाऊ म्हणजे अमर नव्हे. रबरालाही म्हातारपण येते. ऊन लागले की त्याला भेगा पडतात. पेट्रोल, डिझेल, रॉकेल लागले की काही रबरे फुगतात आणि मऊ पडतात. वर्षभर झाकणाखाली दाबून ठेवले की ते चपटेच राहते. परत फुगत नाही. उंदीरही ते कुरतडतात. बाहेरून होडी नव्यासारखी चकचकीत दिसते, आणि आतले रबर मेलेले असते.

लहान भोक, मोठे ओझे

कोणी म्हणेल, "थोडं गळलं तर काय बिघडलं? डब्यानं उपसू की!"

आपण हिशेब करू. फायबरच्या होडीच्या बुडाशी पाणी काढून टाकण्याचे एक भोक असते. त्याला बूच असते. बुचाला रबराचा वायसर असतो. समजा, हे भोक एक इंच रुंद आहे आणि पाण्याखाली एक फूट आहे. बूच निघाले तर मिनिटाला सुमारे ४० लिटर पाणी आत येते. दहा मिनिटांत ४०० लिटर. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे दहा मिनिटांत सहा मोठी माणसे न विचारता होडीत येऊन बसली!

आता समजा, बूच आहे, पण वायसर झिजला आहे. हरभऱ्याच्या दाण्याएवढी वाट राहिली आहे. तरी मिनिटाला सुमारे तीन लिटर पाणी येते. तासाला १८० लिटर. म्हणजे तीन माणसांचे ओझे.

हे ओझे माणसासारखे एका जागी बसत नाही. परातीत पाणी घेऊन चालून पाहा. परात जरा कलली की सगळे पाणी त्याच बाजूला धावते, आणि परात आणखी कलते. होडीचेही तसेच होते. आतले पाणी एका अंगाला धावते आणि होडी उलटायला बघते.

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरात होडी उलटली आणि माणसे बुडून मेली. होडीत माणसे फार झाली होती, असे त्या वेळी सांगितले गेले. ती दुर्घटना रबरामुळे झाली असे आम्ही म्हणत नाही. पण ओझे वाढले की काय होते, हे तिने आपल्याला शिकवले. गळणारे पाणी हेही ओझेच आहे.

लहान रबराने मोठा घात केल्याचे उदाहरण जगाला ठाऊक आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर हे अंतराळयान उडाले. त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. त्याच्या अग्निबाणाच्या सांध्यात रबराची कडी होती. थंडीने ती कडक झाली. तिने फट नीट धरली नाही. ७३ सेकंदांत यान तुटले. सात माणसे गेली. आदल्या रात्री जाणत्या इंजिनियरांनी धोका सांगितला होता. तो ऐकला गेला नाही. एवढ्या मोठ्या शहाण्या देशाचे यान, आणि घात केला एका कडीने!

रबर कोठे कोठे असते?

होडीजवळ जा आणि पुढील जागा हाताने दाखवा.

१. बुडाच्या बुचाचा वायसर.
२. सामान ठेवण्याच्या कप्प्याच्या झाकणाचे गॅस्केट. फायबरच्या होडीत काही बंद कप्पे हवेसाठी असतात. त्या हवेने होडी तरते. त्यांच्या झाकणाचे रबर फार महत्त्वाचे.
३. हवेच्या होडीच्या व्हॉल्व्हमधले रबर. या होडीला हवेचे वेगवेगळे कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याला आपला व्हॉल्व्ह असतो.
४. यंत्राला पेट्रोल नेणारी नळी आणि तिच्या सांध्यातल्या कड्या.
५. यंत्राच्या आतले पाणी खेचणारे रबरी चक्र. या पाण्याने यंत्र थंड राहते.
६. पंख्याच्या दांड्याचे ऑइल सील.

यांतल्या पहिल्या तीन जागा गावातला कोणीही शहाणा माणूस सांभाळू शकतो. चौथ्या जागेवर नजर ठेवावी. पाचवी आणि सहावी मिस्त्रीने पाहावी.

रबर तपासण्याच्या युक्त्या

नखाची युक्ती: रबर काढून दुमडा. बाहेरच्या बाजूला बारीक भेगा दिसल्या तर ते टाकून द्या. नखाने दाबा. खूण पडून तशीच राहिली, किंवा नख रुतलेच नाही, तर ते रबर कामाचे नाही.

कागदाची युक्ती: कप्प्याच्या झाकणात कागदाची पट्टी धरा. झाकण लावा. पट्टी ओढा. अडकून आली तर रबर दाबते आहे. सहज सुटून आली तर तेथे फट आहे. चारी बाजूंनी असे करा.

खडूची युक्ती: झाकण ज्या काठावर बसते त्या काठाला खडू फासा. झाकण लावा आणि उघडा. रबरावर खडूची रेघ उठेल. रेघ अखंड असली तर उत्तम. जेथे तुटली असेल तेथून पाणी येणार. मोठ्या जहाजांवरही हीच युक्ती करतात. आपल्या शाळेतल्या खडूने आपण ती करू शकतो.

साबणाची युक्ती: हवेची होडी फुगवा. व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर हवा जाते. सायकलचे पंक्चर काढताना तुम्ही हे पाहिलेच आहे. मग होडी एक दिवस तशीच सावलीत ठेवा. रात्रीच्या गारव्याने थोडी सैल पडते, ते चालते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पाहा. लोळागोळा झाली तर गळती आहे.

यंत्राच्या दोन खुणा: पंख्याजवळच्या गिअरचे तेल मिस्त्री काढतो तेव्हा जवळ उभे राहा. तेल दुधासारखे पांढुरके झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. सील बदलावे लागेल. दुसरी खूण अशी. यंत्र चालू असता त्याच्या अंगातून पाण्याची बारीक धार सतत पडते. ती पडत नसेल तर यंत्र ताबडतोब बंद करा. पाणी खेचणारे चक्र गेले असेल किंवा वाट तुंबली असेल.

येथे एक चूक पुष्कळ ठिकाणी होते. यंत्र चालते का हे दाखवायला कोरड्यावरच चालू करतात. असे मुळीच करू नका. आतले रबरी चक्र पाण्यावाचून घासते आणि थोड्या वेळात जळते. यंत्राची परीक्षा नदीत किंवा पाण्याच्या पिंपात घ्या. पिंपात घेताना गिअर टाकू नका. हात आणि धोतराचे, लुगड्याचे पदर पंख्यापासून दूर ठेवा.

सुधारावे की बदलावे?

रबर फक्त मळले असेल, त्यावर चिखल, वाळू बसली असेल, तर ते सुधारते. कोमट पाण्यात अंगाचा साबण घालून मऊ फडक्याने धुवा. सावलीत वाळवा. मग सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. दुकानदाराला "पाण्याच्या सीलला लावायचे ग्रीस द्या" असे सांगा. गाडीचे ग्रीस, खोबरेल, रॉकेल लावू नका. लावल्यावर चार दिवस रबर मऊ आणि काळेभोर दिसते, पण पुढे ते फुगते आणि बिघडते.

रबराला भेगा पडल्या, ते चपटे झाले, कडक झाले किंवा तुटले, तर सुधारण्याच्या नादी लागू नका. बदला.

एका गावात झालेले बोलणे सांगतो. मिस्त्री होडी पाहायला आले. त्यांनी बुचाचा वायसर काढून दाखवला.

सरपंच म्हणाले, "अहो मिस्त्री, गेल्या साली चालली की ही होडी! आता काय झालं हिला?"

मिस्त्री म्हणाले, "सरपंच, गेल्या साली तुमचा बैल पण चालत होता. म्हणून त्याला म्हातारपण यायचं थांबतंय व्हय?"

जवळ बसलेल्या आजी म्हणाल्या, "अरं बाबांनो, कुकरचं रबर गेलं तर मी लगेच नवं आणते. डाळ शिजायला. आणि तुम्ही माणसं न्यायच्या होडीला सुतळी गुंडाळताय?"

सगळे गप्प झाले. नवा वायसर त्याच आठवड्यात आला. आजी बोलल्या ते खरेच होते.

झाकणाचे गॅस्केट कसे बदलावे?

१. जुने रबर पूर्ण काढा. त्याचा एक तुकडा नमुना म्हणून ठेवा.
२. खाच साफ करा. जुना डिंक लाकडी चिपेने खरवडा. सुरीने खरवडू नका. सुरीचा ओरखडा हीच पाण्याची नवी वाट होते.
३. माप खाचेचे घ्या. रुंदी, खोली आणि पूर्ण लांबी लिहून घ्या. जुन्या रबराची जाडी मोजू नका. ते दबून चपटे झालेले असते. नमुना, माप आणि झाकण कोणते ते सांगूनच रबर आणा. कोल्हापुरात उद्यमनगरासारख्या कारखान्यांच्या भागात जाणत्या दुकानदाराला विचारा.
४. आधी डिंक न लावता रबर खाचेत बसवून पाहा. झाकण लावले की ते थोडे चेपले पाहिजे. अजिबात चेपले नाही तर पातळ आहे. झाकणच लागत नसेल तर जाड आहे.
५. रबर ताणू नका. ताणून बसवलेले रबर पुढे आखडते आणि सांध्यात फट पडते. उलट जरा सैल ठेवा.
६. सांधा कोपऱ्यात आणू नका. सरळ बाजूच्या मध्यावर आणा. टोके धारदार पात्याने सरळ कापा. दोन्ही टोके एकमेकांना दाबून भिडली पाहिजेत.
७. खाच पूर्ण कोरडी हवी. रबराच्या डिंकावर लिहिलेले वाचा आणि तसेच करा. बहुतेक डिंक दोन्ही बाजूंना पातळ लावतात, जरा सुकू देतात आणि मग दाबतात. हे काम उघड्या हवेत करा. जवळ बिडी ओढू नका.
८. डिंक पुरता वाळेपर्यंत झाकण आवळू नका. एक दिवस थांबा.
९. मग खडूची युक्ती करा. शेवटी बाहेरून पाण्याची धार मारा आणि आत कोरडे आहे का ते पाहा.

गोल कडी बदलताना खिळ्याने किंवा पेचकसाने उचकटू नका. खाचेला ओरखडा पडतो. नवी कडी त्याच मापाची आणा. बोटाने थोडे ग्रीस लावा. पीळ न पडता बसवा. पेट्रोलच्या जागी पाण्याची कडी चालत नाही. तेथे तेल सोसणारेच रबर लागते.

सायकलच्या ट्यूबचा तुकडा, सुतळी, मेण ही तात्पुरती मलमपट्टी. भर पुरात दुसरे काही नसेल तर करा. पण पाणी ओसरले की काढून टाका.

केव्हा काय करावे?

अक्षय तृतीयेच्या सुमारास होडी बाहेर काढा. सगळी रबरे तपासा. मृग लागण्याच्या आत नवी बसवा. मग होडी विहिरीत, तळ्यात किंवा नदीत उतरवून तासभर ठेवा. आत पाणी येते का ते पाहा. आधी होडी रिकामी ठेवून पाहा, मग वाळूच्या पोत्यांचे वजन घालून पाहा. माणसे बसवून पहिली परीक्षा घेऊ नका.

पूर ओसरल्यावर होडी चिखलासकट ठेवू नका. स्वच्छ पाण्याने धुवा. सावलीत वाळवा. झाकणे सैल ठेवा, म्हणजे रबर दबून राहणार नाही. बूच काढून दोरीने होडीलाच बांधा. हवेची होडी पूर्ण कोरडी करून, अंगाला लावायची पावडर भुरभुरून, सैल गुंडाळा. पेट्रोलच्या डब्याजवळ ठेवू नका. उंदरांचा बंदोबस्त करा. दोन-तीन वायसर, कड्या आणि एक जादा बूच डब्यात घालून डबा होडीजवळच ठेवा.

एक वही घाला

मंडळी, आता तुम्हाला लिहिता येते. त्याचा येथे उपयोग करा. एक वही घ्या. चार उभ्या रेघा मारा. तारीख, कोणते रबर, काय केले, कोणी पाहिले, असे लिहा. खाली सही करा. अंगठा नको, सही!

तोंडी सांगितलेले विसरते. "मी पाहिलंय" म्हणणारा माणूस पुराच्या दिवशी परगावी असतो. वही मात्र ग्रामपंचायतीत असते. ज्याच्या हातात ती पडेल त्याला कळते की बुचाचा वायसर नवा आहे, पण मागच्या कप्प्याचे गॅस्केट राहिले आहे.

वायसर काही रुपयांत मिळतो. होडीत बसणारी आजी आपल्याला बाजारात मिळत नाही. पाणी नदीकाठी चढते तेव्हा रबर शोधायला वेळ नसतो. ते काम उन्हाळ्यातच उरकायचे असते.

बोला आणि लिहा

१. आपल्या गावच्या होडीला किती ठिकाणी रबर आहे? पाहून लिहा.
२. हरभऱ्याएवढ्या भोकातून मिनिटाला तीन लिटर पाणी येते. अर्ध्या तासात किती येईल?
३. गॅस्केटचे माप घेताना जुन्या रबराची जाडी का मोजू नये?
४. यंत्र कोरड्यावर का चालू करू नये?
५. घरच्या कुकरचे रबर काढून पाहा. त्यावर नखाची युक्ती करा. काय दिसले ते चार ओळींत लिहा.